निळी बाजू मातीकडं

गोट्याच्या माळाला कुंपण घालायचं काम निघालं, तेव्हा पहिली पहार सितारामनं मारली आणि त्या खड्ड्यातली पहिली माती उपसली ती त्याच्या बायकोनं, सरजाबाईनं. चैत्राचं ऊन डोक्यावर होतं. माळभर सावली म्हणाल तर एका बोरीची, तीही निम्मी वाळलेली. मुरूम असा कडक की पहार आदळली की ठिणगी उडायची आणि हात कोपरापर्यंत झिणझिणत राहायचे. सितारामचं वय झालेलं, छातीचा भाता झालेला. पण खड्डा पुरता झाल्याशिवाय गडी बसायला तयार नसे. सरजाबाई घमेलं कमरेला लावून उभी राहायची आणि म्हणायची, "अवो, जरा दम खावा. माळ काय पळून चाललाय व्हय?"

"पळूनच चालला व्हता की. ट्रॅक्टरात बसून. इसरलीस?" सिताराम म्हणायचा आणि आपल्याच बोलण्यावर खोकला लागेपर्यंत हसायचा.

ते खरंच होतं. मागच्या थंडीत देवगाव फाट्याकडून गावात येणाऱ्या रस्त्याचं काम निघालं. रस्त्याला मुरूम लागतो, मुरूम गायरानात, आणि गायरान म्हणजे गोट्याचा माळ. माळाच्या वरच्या अंगाला दिनकररावांचं रान. गावात त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. त्यांनीच गुत्तेदाराला वाट दाखवली. मशीननं माळाची खालची कड खरवडली आणि मुरमाबरोबर माणसाची हाडं ट्रॅक्टरात पडली. त्या कडेला बौद्ध वस्तीतल्या कस्तुराबाईचा नवरा पुरलेला होता. म्हातारी ट्रॅक्टरच्या चाकापुढं आडवी झाली, ती कुणालाच उठवता येईना.

गोट्याच्या माळावर काळ्या धोंड्यांची रिंगणं आहेत. प्रत्येक रिंगणाच्या मधोमध जमीन जराशी फुगलेली. ती कुणी मांडली, कधी मांडली, गावाला ठाऊक नव्हतं. कुणी गवळ्यांचे वाडे म्हणे, कुणी आणखी काही. वस्तीला मात्र पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं की आत माणसं आहेत. म्हणून त्यांनीही आपली माणसं तिथंच नेऊन ठेवली. आणि शेजाऱ्याचं बघून म्हणा, मयताला आलेल्या प्रत्येकानं एकेक धोंडा आणायचा आणि पुरलेल्या जागेभोवती रिंगण पुरं करायचं, अशी रीत पडली. छप्पन साली धर्म बदलला, देव्हाऱ्यातले देव नदीत गेले, पण धोंडा आणायची रीत कुणी सोडली नाही. फक्त उशाच्या धोंड्याला निळा रंग आला आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत नाव आलं.

त्यातला एक लहानगा धोंडा सुकेशनीचा. सितारामची आणि सरजाबाईची पोर, थोरल्या सिद्धोधनच्या पाठची. चालायला लागली, बोलायला लागली आणि गोवरानं गेली. तिचं नाव सितारामनंच रंगवलं होतं. धोंड्यावर जागा पुरली नाही म्हणून शेवटचं अक्षर खालच्या ओळीत काढलं होतं.

मशीन थांबावी म्हणून सिद्धोधननं मोबाईलवर फोटो काढून कुठं कुठं धाडले. तो पूर्णेला रेल्वेच्या गुत्तेदाराकडं कामाला. त्याच्या फोटोला कुणी उत्तर देईल असं वस्तीत कुणाला वाटलं नव्हतं, पण पुरातत्त्वाच्या राजेश्री मॅडमचा फोन आला. ही हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांची पुरलेली ठिकाणं आहेत, त्या म्हणाल्या, सरकार अशी जागा राखू शकतं; पण रिंगणं बरीच असली तर जमेल, मोजक्यांसाठी एवढा माळ राखायला कुणी मान्यता देणार नाही. जुनी रिंगणं होती बरीच, पण निम्मी मशीननं रस्त्यात घातली होती. सगळी वस्ती विहारापुढं जमली आणि सितारामनं तोड काढली.

"आपलीबी त्यात मिळवा," तो म्हणाला. "निळी बाजू मातीकडं करा. मेलेल्या मानसात काय जुनं आन काय नवं?"

दुसऱ्या दिवशी वस्तीच्या वस्ती माळावर गेली. पहारीनं धोंडा कलता करायचा, नाव खाली घालायचं, कडेनं माती ठोकायची, वरून शेणकाला मारायचा. कुणी बापाचं नाव पालथं घातलं, कुणी सासूचं. सितारामनं सुकेशनीचा धोंडा सगळ्यात शेवटी घेतला. एका हाताचं काम होतं, पण त्याला दोन्ही हात लावावे लागले, आणि नंतर तो तिथून लवकर उठला नाही. सरजाबाईला त्याचा राग आला होता. आपल्याच लेकीचं नाव मातीत घालायची अक्कल या माणसाला सुचली कशी, असं तिला वाटत होतं.

मग मॅडम आल्या. डोक्याला टोपी, पायात बूट, बोलायला मऊ. त्यांनी रिंगणं मोजली, प्रत्येकाजवळ नंबराची लोखंडी पाटी ठोकून घेतली. सुकेशनीच्या रिंगणाशी त्या उकिडव्या बसल्या. "हे किती लहान आहे बघा. लेकरू असणार आतमध्ये," त्या म्हणाल्या. "आणि दगड किती जपून लावलेत." सरजाबाई मागं चहाची किटली घेऊन उभी होती. सितारामनं तिच्या हातातून किटली काढून घेतली.

मॅडमच्या कागदावर जागा राखायचा हुकूम निघाला. तर असं ते कुंपण. खांबांना सिमेंट घातलं त्या दुपारी नेमका अवकाळी पाऊस आला. खालच्या अंगाच्या खड्ड्यांतलं सिमेंट नाल्याकडं वाहून गेलं. वरच्या अंगाचं, दिनकररावांच्या बांधालगतचं, माळावर उतरलं आणि त्याची करडी रेघ थेट सुकेशनीच्या रिंगणात जाऊन थांबली. मुकादम पावसाला आणि मजुरांना सारख्याच शिव्या घालत होता. सिताराम निथळत उभा होता आणि त्या रेघेकडं बघत होता.

"बग," तो सरजाबाईला म्हणाला, "वरून सोडलेलं समदं पोरीकडंच जायलंय."

कुंपण झालं. फाटकाला कुलूप आलं, बोर्ड लागला, राखणीला गावातलाच भुजंग नेमला. आत खणायचं नाही, आत पाय ठेवायचा नाही. वस्तीनं माळ वाचवला आणि स्वतः बाहेर राहिली. दिनकरराव गप्प बसणारे नव्हते. त्यांनी हरकत घेतली की हे जुनं-बिनं काही नाही, वस्तीचं मसणवट आहे, सरकारला फसवलंय. हुकूम अजून कच्चा होता. हरकतीची पाहणी व्हायची होती, आणि एक जरी रिंगण आत्ताचं निघालं तरी सगळा हुकूम मोडीत निघणार होता. मशीन दिनकररावांच्या रानातल्या आखाड्यावर, गोठ्याशेजारी, तशीच उभी होती.

"हुकूम पक्का होऊ दे," सिताराम सगळ्यांना सांगायचा. "मंग मॅडमला एक कोपरा मागू. देतील. बाई भली हाय." तोवर वस्तीत कुणी गेलं नाही हे नशीबच म्हणायचं. म्हातारीकोतारी माणसं हुकुमाची वाट बघत जीव धरून होती.

सितारामचा धरवला नाही. आषाढात खोकला वाढला, श्रावणात तो उठून बसेना. सेलूच्या दवाखान्यातून परत आणला, तेव्हा त्याच्या पायाला सूज होती आणि बरगड्या दुरून मोजता येत होत्या. सरजाबाई सकाळी निंदायला जायची, दुपारी पळत घरी यायची, त्याला पाणी पाजून पुन्हा रानात. सून धम्मशीला त्याची हगणीमुतणी करायची आणि तो तिच्याकडं बघायचा नाही, भिंतीकडं तोंड करून पडायचा. एका दुपारी सरजाबाई त्याच्या पायाला तेल लावत होती, तेव्हा तो म्हणाला, "मला पोरीजवळ टाका. दुसरं कायबी नगं."

"टाकू," सरजाबाई म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

भादव्यात पाऊस लागून राहिला आणि त्याच पावसात, मॅडम पाहणीला यायच्या त्याच दिवशी, उजाडता उजाडता सिताराम गेला. सिद्धोधन पूर्णेहून रेल्वेनं सेलूला आणि तिथून जीपला लटकत आला, तोवर दुपार झाली होती. मयत ओसरीवर. पत्र्याची धार पायाशी पडत होती. पोट फुगायला लागलं होतं, उदबत्तीचा पुडा संपला तरी माशा हटेनात. पांढऱ्या कापडाची कड सरजाबाई सारखी सारखी नीट करत होती, आणि न्यायचं कुठं, हे कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. माळाच्या खालच्या अंगाला मशीननं केलेला खड्डा पाण्यानं भरलेला. भोवती चहूकडं लोकांची उभी सोयाबीन. गावाच्या मसणातल्या शेडचं तर नावच काढायचं नव्हतं. एकदा वस्तीनं मयत तिकडं नेलं होतं, त्याची केस अजून परभणीच्या कोर्टात होती.

"उचला," सिद्धोधन म्हणाला. "मॅडम माळावर आल्यात. त्यांच्या म्होरंच नेऊन ठिवू."

चिखल पोटरीपर्यंत. तिरडी धरलेल्यांचे पाय रुतत, चपला चिखलात राहत, तिरडी कलली की सितारामचा एक पाय बाहेर यायचा आणि धम्मशीला तो आत सारायची. मागून येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात सवयीनं उचललेला एकेक धोंडा होता. तो कुठं मांडायचा हे कुणालाच माहीत नव्हतं. फाटक पाहणीसाठी उघडं होतं. आत छत्रीखाली मॅडम, शेजारी दिनकरराव, भुजंग बाजूला. तिरडी फाटकाच्या तोंडाशी टेकवली.

मॅडम लगबगीनं आल्या. मयत बघून त्यांनी छत्री मिटली आणि पावसात उभ्या राहिल्या. "मावशी, मला फार वाईट वाटतंय," त्या म्हणाल्या. "पण इथं खणायची परवानगी माझ्या हातात नाही हो. हुकूम पक्का झाला असता, तर मी वर शब्द टाकला असता. आज नाही."

"मॅडम, ह्या लोकांची रीतच हाय हितं पुरायची," दिनकरराव म्हणाले. "तेच तर सांगायलोय मी. ही बारकी रिंगनं समदी ह्येंच्याच मानसांची हायत." आणि मग ते सरजाबाईजवळ आले. त्यांचा आवाज खाली आला. "सरजाबाई, कितीक साल निंदलंस तू माझ्या रानात. सिताराम काय मला परका हाय का? खरं ते बोल. एक धोंडा उलटून दाव. माझ्या बांधाला जागा देतो, आत्ताच्या आत्ता. मशीन हाय, घडीभरात खड्डा व्हतो."

ते खोटं बोलत नव्हते. जागा दिली असती त्यांनी. सरजाबाईला ते कळत होतं.

"माय, उलटवू दे," सिद्धोधन म्हणाला. "बा फुगायलाय. कुटं घेऊन फिरू ह्येला?" आणि उत्तराची वाट न बघता तो फाटकातून आत गेला. भुजंग मॅडमकडं बघत राहिला. सिद्धोधन चिखल तुडवत थेट त्या लहान रिंगणाशी पोचला, खाली बसला आणि त्यानं उशाच्या धोंड्याखाली बोटं घातली.

कस्तुराबाईनं सरजाबाईचं मनगट धरलं. म्हातारीचा हात गार होता. "सरजे," ती म्हणाली, "माझा मानूस एकदा बसलाय ट्रॅक्टरात. ऱ्हायलेल्यांना बसवू नगंस." ती रडत नव्हती. मागं वस्ती उभी होती, हातात धोंडे घेऊन, आणि सगळ्यांच्या नजरा सरजाबाईच्या पाठीवर होत्या.

"मावशी, तुम्हीच सांगा," मॅडम म्हणाल्या. "हे तुमच्यापैकी कुणाचं आहे का?"

सरजाबाई आत गेली. चालता चालता तिला वाटलं, सांगून टाकावं. पोर होती माझी, अंगभर गोवर उठला होता, पाणी पाणी करत गेली, तिच्याजवळ तिच्या बापाला निजू द्या. एवढं तरी मागू नये का माणसानं? सिद्धोधननं धोंडा बोटभर उचलला होता. खालची माती सुटली होती आणि फटीत काहीतरी निळं दिसलं. तिला एकटीलाच दिसलं, कारण तीच वर उभी होती.

तिनं लुगडं जरा वर घेतलं आणि उजवा पाय धोंड्यावर ठेवला. सगळा भार देऊन ठेवला. धोंडा बसला, खाली सिद्धोधनची बोटं चेपली. तो ओरडला नाही. नुसता वर आईकडं बघत राहिला.

"न्हाई," सरजाबाई म्हणाली. "आमचं कुनीच न्हाई हितं. लय जुनं हाय हे."

दिनकररावांनी तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. आपल्या माणसाच्या उशावर कुणी पाय देत नाही, हे त्यांच्या घरातही तसंच होतं. भुजंगनं मान खाली घातली. मॅडमनी मान डोलवली आणि त्या पुढच्या रिंगणाकडं गेल्या. सरजाबाईचा पाय मात्र तिथून निघेना. तळव्याखाली धोंडा लेकराच्या कपाळासारखा लागत होता. शेवटी सिद्धोधननंच हिसका देऊन बोटं सोडवली.

सितारामला पांदीच्या तोंडाशी, रस्त्याच्या कडेला जाळलं. त्याच्या घरात कधी कुणाला जाळलं नव्हतं. वस्तीनं घरोघरची वाळली काटकी काढून दिली, कुणी खाटेचे लाकडी गाते, कुणी कोंबड्यांच्या खुराड्याच्या फळ्या. वरून पाऊस. चार माणसांनी विहाराचे पत्रे धरले, त्यांचे हात भाजले तरी धरले. डिझेल ओतलं, टायर घातले. भडका व्हायचा आणि विझायचा. पंचशील म्हणणाऱ्याला धुरानं शब्द फुटेनात. रस्त्यानं सेलूची बस आली, ड्रायव्हरनं काचा लावायला सांगितल्या आणि ती गेली. अंधार पडेपर्यंत सिताराम पुरता जळाला नव्हता. आणलेले धोंडे लोकांनी रस्त्याच्या कडेला ठेवले आणि घरी गेले.

आणि मग पाऊस थांबला. अगदी स्वच्छ. रक्षा गोळा करायच्या दिवशी माळावर डोळे दिपतील असं ऊन पडलं होतं. सिद्धोधन अस्थी घेऊन दुधना नदीकडं निघाला. त्याच्या बोटांना चिंधी बांधलेली होती आणि तो आईशी बोलत नव्हता. सरजाबाईनं त्याच्या नकळत ओंजळभर राख पदरात बांधून घेतली आणि ती माळाकडं गेली.

फाटकाला कुलूप होतं. भुजंग उठून उभा राहिला. "काकू," तो म्हणाला, "माझी नोकरी जाईल वो."

"मी कुटं म्हनले तुला उघड म्हनून?" सरजाबाई म्हणाली आणि कुंपणाच्या कडेकडेनं वर निघाली. वरच्या अंगाला जायचं तर दिनकररावांच्या सोयाबीनातून जावं लागतं. दिनकररावांची बायको, नर्मदाबाई, पलीकडं गवत कापत होती. "कोन हाय गं सोयाबीनात?" तिनं हाक मारली. मग तिनं ओळखलं, पदराची गाठ बघितली, आणि पुन्हा खाली वाकून विळा चालवायला लागली.

खांब सरजाबाईच्या ओळखीचे होते. ज्या खड्ड्यातून सिमेंटची रेघ निघाली होती त्या खांबाशी ती बसली. जाळीतून हात कोपरापर्यंत आत घातला आणि राख सोडली. राख मुरमावर पडली आणि तिथंच राहिली. ती आभाळाकडं बघत बसली. सरणाला छळणारं आभाळ आता निळंगार होतं. घारीशिवाय वर काही नव्हतं.

ऊन चढायला लागलं तशी ती उठली. घरून कळशी आणली. मशीनच्या खड्ड्यातलं पाणी भरलं, कळशी डोक्यावर घेतली, सगळ्या कुंपणाला वळसा घालून वर आली आणि जाळीतून ओतली. राख हातभर पुढं सरकली आणि मुरमानं पाणी पिऊन टाकलं. ती परत खाली गेली. भुजंग आधी लांबून बघत होता. मग त्यानं पाठ फिरवली आणि रस्त्याकडं तोंड करून बसला. मान आखडली, पदर ओला झाला, गुडघे बोलायला लागले, तरी तिच्या खेपा चालूच होत्या. दिवस कलला, तेव्हा राखेची ओली करडी रेघ लहान रिंगणाच्या धोंड्यांना लागली होती, आत शिरली नव्हती.

सरजाबाईनं जाळीला कपाळ टेकवलं. पाय दिला त्या दिवसापासून ती लेकीशी बोलली नव्हती, मनातही नाही. आता तिला रडू आलं.

"सुकेशनी, जरा सरकून घे माय," ती म्हणाली. "तुजा बा आलाय."

आणि रिकामी कळशी घेऊन ती पुन्हा खड्ड्याकडं उतरली.